रेवस ते चिरगाव : रायगडच्या किनाऱ्यावरील नातीगोती

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच समुद्र ओलांडून रेवसच्या बंदराला लागते. सुटीत अलिबागला जाणारी मंडळी आता बहुधा मांडव्याला उतरतात. त्यामुळे रेवस अजून बरेच शांत राहिले आहे. तेथून दक्षिणेकडे निघाले, की अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी गावे एकामागून एक लागतात. परतताना म्हसळ्याच्या रस्त्याने डोंगर ओलांडून माणगावला मुंबई–गोवा महामार्ग गाठता येतो. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडाचा, हा किनारा. पेण, रोहा, माणगाव, महाड या बाजारपेठांत आपल्या समाजातील अनेक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवली आहेत. त्यामुळे हा मुलूख आपल्याला परका नाही. तरीही पेढीवर बसून माहीत झालेला किनारा आणि पायी हिंडून पाहिलेला किनारा यांत बरेच अंतर आहे.

सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या परिस्थितीशी कोणते संबंध असतात, हे तपासणाऱ्या शास्त्राला अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये नाव दिले. ज्या ग्रीक शब्दापासून ते नाव घडले, त्याचा अर्थ ‘घर’ असा आहे. अर्थशास्त्राचे पाश्चात्त्य नावही त्याच शब्दापासून आले. म्हणजे घरात कोण राहते व कोणाचे कोणाशी नाते आहे, हे एक शास्त्र सांगते आणि त्या घराचा खर्च कसा चालतो, हे दुसरे सांगते. पाठशाळेत आपली मुले एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची मांडणी शिकतात. त्या मांडणीतून जीव ओळखता येतात. त्यांचे परस्परांशी चालणारे व्यवहार पाहायचे असतील, तर रेवस ते चिरगाव हा दोन-तीन दिवसांचा प्रवास उत्तम पाठ ठरावा.

चिखलातले झाड आणि बांधामागचे भात

रेवसच्या पाठीमागे धरमतरची खाडी आत पेणच्या दिशेने शिरते. ओहोटीच्या वेळी तिचे दोन्ही काठ उघडे पडतात आणि काळाभोर चिखल चकाकू लागतो. त्या चिखलात तिवर, कांदळ, चिपी ही झाडे दाटीने उभी असतात. त्यांतील पांढरी चिपी महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केली आहे.

इतर कोणतेही झाड या जागी चार दिवस तग धरणार नाही. चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि दिवसातून दोनदा खारे पाणी बुंध्यापर्यंत चढते. तिवराने या अडचणीवर जो उपाय काढला आहे, तो जमिनीतून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या असंख्य मुळांत दिसतो. ती श्वसनासाठीची मुळे होत. शरीरात शिरलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते; उन्हाळ्यात पानावरून बोट फिरवून जिभेला लावले, तर खारट चव कळते. कांदळाची तऱ्हा निराळी आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा कोंब तयार झाल्यावरच खाली पडते. भरती येऊन वाहून नेण्यापूर्वी चिखलात मूळ धरण्याची संधी त्याला अशी मिळते.

झाडाखाली याहून मोठा व्यवहार चालू असतो. गळलेली पाने खेकडे बिळात ओढून नेतात व कुरतडतात. उरलेल्या चुऱ्यावर जिवाणू आणि बुरशी काम करतात. तो कुजका चुरा कोळंबीच्या व माशांच्या बारीक पिल्लांचे अन्न बनतो. खुल्या समुद्रात ज्यांचा क्षणार्धात फडशा पडला असता, ती पिल्ले मुळांच्या जाळीत वाढतात. खेकड्यांनी केलेल्या बिळांतून चिखलात हवा खेळते आणि त्याचा लाभ पुन्हा झाडाला होतो. निवटी नावाचा छोटा मासा तर पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारत फिरतो. त्याच्या मागावर बगळे असतात. पान ज्याने तयार केले तो उत्पादक, पान किंवा दुसरा जीव खाऊन जगतो तो भक्षक आणि मृत शरीर कुजवून त्याची माती करतो तो विघटक, अशी शास्त्रातली तीन नावे आहेत. या चिखलात तिन्ही हातभर अंतरावर पाहायला मिळतात.

खाडीच्या काठाने थोडे आत गेले, की खारेपाट सुरू होतो. पेण आणि अलिबाग तालुक्यांतील शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून समुद्राकडून ही जमीन मिळवली. बाहेरच्या बांधाला येथे ‘बाहेरकाठा’ म्हणतात. पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या आणि भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराला ‘उघाडी’ असे नाव आहे. पावसाळ्यात गोड्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन निघतो आणि मग भात होते. अशा जमिनींच्या रक्षणासाठी १९४८ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला होता, यावरून तिचे मोल लक्षात यावे.

बांधाचे आणि कांदळवनाचे नाते सरळ नाही, हे येथील माणसाला चांगले ठाऊक आहे. बांधासमोर झाडी असेल, तर उधाणाच्या लाटेचा जोर तिच्यातच मोडतो व बांध टिकतो. बांधाची डागडुजी थांबली आणि त्याला खांड पडली, तर खारे पाणी शेतात शिरते. भात जाते आणि दोन-चार वर्षांत त्याच शेतात तिवर उगवते. कांदळवन तोडण्यास कायद्याने मनाई आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला असल्याचे म्हटले. ते योग्यच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावरील भातशेताचे रान झाले, त्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याचे उत्तर वेळेवर दुरुस्त केलेल्या बांधात आहे. बांधाकडे दुर्लक्ष करायचे आणि मग झाडाला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

तिथी आणि भरती

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येते. ओहोटीची वेळ चुकू नये, म्हणून पर्यटक आता मोबाइलवर वेळ पाहतात. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना मात्र पंचांग पुरते. तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा वाजता भरती. चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी येते आणि दररोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

आपल्या घरांत अष्टमी आणि चतुर्दशी या तिथी व्रतांमुळे लक्षात राहतात. समुद्राच्या दृष्टीनेही त्या दोन टोकांच्या जवळ आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते व उधाण होते. पाणी खूप वर चढते आणि खूप खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास ही दोन आकर्षणे काटकोनात येतात, म्हणून भरती-ओहोटीतील फरक कमी राहतो. त्या बेताच्या भरतीला कोकणात ‘भांग’ म्हणतात. किल्ल्याकडे जायचे, तर उधाणाच्या दिवसांतील ओहोटी सोयीची.

किल्ल्याच्या भोवतालचा खडक मात्र घाईघाईने ओलांडू नये. तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला, तर त्यावर पट्टे दिसतात. सर्वांत वर, जेथे केवळ तुषार पोचतात, तेथे बारीक गोगलगायी असतात. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेले, पांढरट शंकूंसारख्या कवचाचे जीव. आणखी खाली कालवे आणि समुद्रशैवाल. अगदी पाण्यालगतच्या डबक्यांत खेकडे आणि फुलासारखे उमलणारे समुद्रफूल.

प्रत्येकाने आपापली पायरी का पत्करली असावी, या प्रश्नाचे उत्तर जोसेफ कॉनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शोधले व १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. कवचधारी जीवांच्या दोन जाती तेथे वरच्या व खालच्या पट्ट्यांत राहत. त्याने खालच्या जातीचे जीव दूर केले, तेव्हा वरची जात खालीही सुखाने जगू लागली. म्हणजे तिला खालची जागा मानवत नव्हती असे नाही. बलिष्ठ शेजाऱ्याने ती व्यापली होती. खालच्या जातीला मात्र वर जाता येत नव्हते, कारण उन्हातील कोरडेपणा तिला सोसत नव्हता. वरची सीमा हवामान ठरवते आणि खालची सीमा शेजारी ठरवतो. बाजारपेठेत कोणते दुकान चौकात आणि कोणते गल्लीत असते, हे जाणणाऱ्या वाचकाला यावर अधिक भाष्य नको.

शिकाररान झाले अभयारण्य

अलिबागहून चौल-रेवदंडा ओलांडून काशीदकडे येताना डावीकडे डोंगरावर दाट झाडी दिसू लागते. ते फणसाडचे जंगल. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे ते राखीव शिकाररान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्याने शिकारीसाठी रान राखले, त्याच्यामुळेच त्या रानातील झाडे वाचली, हा इतिहासाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल. समुद्राच्या एवढ्या जवळ इतके जंगल शिल्लक असलेल्या जागा कोकणात थोड्याच आहेत.

येथील नैसर्गिक पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात साऱ्या रानाची रहदारी त्यांच्याभोवती एकवटते. गारंबीच्या अजस्र वेली झाडांवरून झाडांवर गेलेल्या दिसतात आणि त्यांच्या शेंगा हातभराहून लांब असतात. याच रानात शेकरू राहते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार आहे. ते जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर सुमारे २० फुटांची झेप ते घेऊ शकते. परंतु त्याहून मोठे अंतर पडले, तर त्याचा मार्ग खुंटतो. म्हणून रानात केवळ झाडे असून भागत नाही, त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असाव्या लागतात. रुंद रस्ता काढला आणि दोन्ही बाजूंची झाडे शाबूत ठेवली, तरी शेकराच्या दृष्टीने एका रानाची दोन राने होतात.

वाडी आणि वाळू

मुरुडजवळच्या आगरदांड्याहून बोटीने खाडी ओलांडली, की पलीकडे दिघी आणि पुढे दिवेआगर. तेथून श्रीवर्धनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांनी तोलली आहे, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. कोकणातील वाडी हे जंगलाचेच मनुष्याने केलेले रूप आहे. सर्वांत उंच नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या बुंध्यावर मिरीचा वेल, मध्येच सावलीत वाढणारे जायफळ आणि खाली केळ. प्रत्येकाला लागणारे ऊन निराळे, म्हणून एकाच जागेत पाच पिके नांदतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि हजारो माड व पोफळी आडव्या झाल्या. जी झाडे वादळातून बचावली, त्यांतील सावलीची सवय असलेल्यांना नंतर उघडे ऊन सोसावे लागले. वरचा मजला कोसळला, की खालच्याचे काय होते, हे बागाईतदारांनी त्या वर्षी प्रत्यक्ष पाहिले.

दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात सागरी कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. अंडी वाळूच्या उबेवर सुमारे ४५ ते ६० दिवसांत उबतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक गरम असेल, तर माद्या अधिक निपजतात. पिल्ले अंधारात बाहेर पडून समुद्रावरील उजेडाच्या दिशेने चालू लागतात. किनाऱ्यावरील हॉटेलांचे दिवे त्यांना चकवतात. भटकी कुत्री तर अंडीच उकरून खातात. कुत्र्यांचा हा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या मुक्कामी ती पुन्हा भेटणार आहेत.

चिरगावची गिधाडे

श्रीवर्धनहून म्हसळ्याकडे वळले, की समुद्र मागे पडतो व टेकड्या सुरू होतात. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात उंच झाडांवर गिधाडांची घरटी आहेत. सर्वसामान्य पर्यटक येथे येत नाहीत. आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली, ती एका जातीसाठी. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड असे तिचे नाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने या भागात घरट्यांची राखण, ग्रामस्थांचे प्रबोधन आणि गिधाडांना मृत जनावरे उपलब्ध करून देणे अशी कामे केली आहेत.

वाटेत भेटलेल्या एका वृद्ध ग्रामस्थाला आम्ही विचारले, “काका, पूर्वी इथे पुष्कळ गिधाडे होती म्हणतात, ते खरे का?”

“पुष्कळ म्हणजे, शेठ, आभाळ काळं व्हायचं,” ते म्हणाले. “बैल मेला नि रानात नेऊन टाकला, की वास सुटायच्या आत हाडं तेवढी उरायची. आता खड्डा खणायला माणसं शोधावी लागतात.”

गिधाडाविषयी आपल्या मनात किळस असते. ती क्षणभर बाजूला ठेवून या पक्ष्याच्या वृत्तीकडे पाहावे. हा मांस खाणारा पक्षी आहे, पण तो कोणाला मारत नाही. ज्याचे आयुष्य संपले, त्याच्याच देहावर तो जगतो. जैन रामायणाच्या परंपरेत जटायू हा मुनींच्या सहवासात श्रावकाची व्रते स्वीकारणारा जीव म्हणून येतो, याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. गिधाडाच्या पोटातील आम्ल इतके तीव्र असते, की कुजक्या मांसातील बहुतेक रोगजंतू तेथे टिकत नाहीत. थवा उतरला, तर एका मोठ्या जनावराचा सांगाडा थोड्याच वेळात स्वच्छ होतो. गावाची ही सफाई कोणताही मोबदला न घेता शतकानुशतके चालू होती.

१९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडांची संख्या कोट्यवधींच्या घरात असल्याचे मानले जाते. १९९० च्या दशकात ती एकाएकी दिसेनाशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी या ऱ्हासाची नोंद केली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या एवढी घसरली, की हजारातून एक शिल्लक राहिले. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यांवरचा शतकांचा रिवाजही त्यामुळे अडचणीत आला. पक्षी झाडावर माना टाकून बसत आणि मरून पडत. साथ असावी, असा प्रथम तर्क होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून खरे कारण बाहेर आले. ते कारण गुरांना टोचल्या जाणाऱ्या एका वेदनाशामक औषधात होते.

एका सुईचा हिशेब

डायक्लोफिनॅक हे ते औषध. माणसांच्या सांधेदुखीवर ते दिले जाते. १९९० च्या दशकात ते गुरांसाठीही स्वस्तात मिळू लागले. पाय सुजलेली गाय, जखमी बैल, म्हातारपणाने उठू न शकणारी म्हैस यांना सुई दिली, की तासाभरात आराम पडे. देणाऱ्याच्या मनात दयाच होती. पण सुई दिल्यानंतर एक-दोन दिवसांत ते जनावर मेले, तर औषधाचा अंश यकृतात आणि मूत्रपिंडात शिल्लक राहतो. ते मांस गिधाडाने खाल्ले, तर त्याचे मूत्रपिंड निकामी होते, शरीरभर युरिक आम्लाचे पांढरे थर साचतात आणि काही दिवसांत ते मरते.

येथे एक शंका येते. सगळीच गुरे काही औषध घेऊन मरत नाहीत. मग सारी जात कशी नष्ट व्हावी? शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले, की शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरात घातक प्रमाणात औषध असले, तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे आहे. याचे कारण गिधाडांच्या राहणीत आहे. एका देहावर अनेक पक्षी एकत्र जेवतात, म्हणून एक दूषित देह पुष्कळांचा जीव घेतो. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. खर्च एकदम आणि जमा अत्यंत सावकाश, असा हा ताळेबंद आहे. तो तुटीत गेला, की सावरणे कठीण.

गिधाडे गेली आणि मृत जनावरे तशीच पडून राहू लागली. त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. कुत्रा गिधाडासारखा देह पूर्ण साफ करीत नाही आणि त्याच्याबरोबर रेबीजचे भय येते. पाण्याच्या साठ्यांत घाण मिसळू लागली. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसांचे अतिरिक्त मृत्यू झाले. एका मुक्या जनावराची वेदना शमवण्यासाठी दिलेली सुई, त्यातून गिधाडाचा मृत्यू, त्यातून कुत्र्यांची वाढ आणि शेवटी माणसाच्या घरातील दुःख, अशी ही साखळी आहे. तिच्यातील कोणीही दुष्ट नव्हता. पहिल्या कडीपाशी उभे राहिलेल्याला शेवटची कडी दिसत नव्हती, एवढेच.

भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या सुईची कुपी ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली; यांतील असेक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते. मेलॉक्सिकॅम हे तितकेच उपयोगी औषध गिधाडांना अपाय करीत नाही, असे चाचण्यांत सिद्ध झाले आहे. म्हणजे गाईची वेदना आणि गिधाडाचा जीव यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग आता उरलेला नाही. योग्य बाटली उचलणे एवढेच काम आहे.

आपल्या हाती असलेले

हे सारे या मासिकात लिहिण्याचे कारण उघड आहे. म्हाताऱ्या, लंगड्या, दुभत्या नसलेल्या गुरांना आसरा देणारी पांजरापोळे आपल्या समाजाने उभी केली आणि आजही ती आपल्याच देणग्यांवर चालतात. वेदनाशामकांची गरज जेथे सर्वाधिक आणि नैसर्गिक मृत्यूही जेथे सर्वाधिक, अशी ही ठिकाणे आहेत. औषधांच्या दुकानांतही आपल्यातील कितीतरी कुटुंबे आहेत. गिधाडांच्या कथेत ज्या कडीपाशी निर्णय होतो, तेथे आपण उभे आहोत.

म्हणून पांजरापोळाच्या पुढील सभेत विश्वस्तांनी आपल्या पशुवैद्यांना विचारावे, की येथे कोणते वेदनाशामक वापरले जाते. उत्तर मेलॉक्सिकॅम असेल, तर समाधान मानावे. बंदी असलेल्या औषधांपैकी एखादे असेल, तर ते त्याच दिवशी थांबवावे. कोणत्या जनावराला कोणती सुई कधी दिली, याची वही ठेवावी. वही ठेवणे आपल्याला कोणी शिकवायला नको. औषध चालू असताना मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. जेथे गिधाडांची वस्ती आहे, त्या भागातील पांजरापोळांनी औषधमुक्त मृत गुरांविषयी वन विभागाशी बोलून घ्यावे. फणसाड अभयारण्यातही गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा करण्यात आली आहे. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून कोकणात गुरे घटली आणि उरलेली मेल्यावर पुरली जातात. त्यामुळे औषध थांबले तरी या पक्ष्यांची उपासमार संपलेली नाही. औषध दुकानदारांनी माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक गुरांसाठी मागणाऱ्याला नकार द्यावा आणि पर्याय सांगावा. लाकडाच्या व्यापारात असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कोकणातील रान बहुतांशी खासगी मालकीचे आहे. झाड तोडण्यापूर्वी त्यावर मोठे घरटे आहे का, हे पाहिले, तर एका जोडीचे वर्ष वाचते.

ज्यांना कुटुंबासह हा प्रवास करायचा आहे, त्यांनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. अलिबागला उधाणाच्या तिथीजवळ पोचावे, म्हणजे खडक अधिक उघडा मिळेल; खडकावरील जीव पायाखाली येणार नाहीत, अशा बेताने मुलांना चालवावे. कांदळवन पाहायला ओहोटीची वेळ बरी. फणसाडला पहाटे जावे आणि बोलणे कमी ठेवावे. चिरगावला जाताना स्थानिक माहितगार किंवा वन विभागाचा माणूस बरोबर असावा. हा पिल्ले वाढवण्याचा काळ असल्याने घरट्याखाली उभे न राहता दुरूनच दुर्बिणीतून पाहावे. आम्ही गेलो, तेव्हा ऊन चढल्यावर तीन गिधाडे हवेच्या झोतावर पंख न हलवता वर चढत गेली. वृद्ध काकांनी सांगितलेल्या काळ्या आभाळापुढे तीन हा आकडा फारच लहान. पण शून्याहून तो मोठा आहे, आणि वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला त्यावरूनच पुढे जायचे आहे.